टोरांटोचं तिकीट

तेलीबांध्याच्या दवाखान्यात मी नंबराची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“अश्विनची आई, बारा हजार किलोमीटरच्या वर आहे म्हणते टोरांटो.”

“मले किलोमीटर नका सांगू. पोहोचाले किती वेळ लागते?”

“पूर्ण एक दिवस तरी धर. दिल्लीले विमान बदलावं लागते.”

“मागच्या बारीले पाय सुजून गेले होते माहे. आता तर सदर बाजारातून आली तरी उठवत नाही.”

“म्हणूनच तर आलो ना. डॉक्टरले विचारू, एवढा वेळ बसणं झेपन का.”

“झेपन म्हणन तो. गोळ्या देईन.”

“मंग झालं. सूनबाईची सुट्टी सरून राहिली. लहान्या पोट्टीले कोण पाहीन?”

“मोठ्या नातवाच्या वेळी गेली, मधल्याच्या वेळी गेली. दिवसभर लेकरू सांभाळा, अन् खिडकीतून बर्फ पाहा. बोलाले कोणी नाही.”

“मंग अश्विनले ‘हव, येते’ काहून म्हटलं?”

“तो आई म्हणते, अन् माह्या तोंडून हवच निघते.”

“जायचं नाही का तुले?”

“नाही जायचं.”

म्हाताऱ्यांनी फोन लावला.

“अश्विन, आईचं तिकीट नको काढू बेटा... नाही रे, बिमार नाही. थकली आहे... हव, फक्त थकली आहे.”

“अहो, हेही सांगा त्याले. मी रागावली नाही म्हणून.”