झुंबरचं चिनी

नाही, मी म्हणतो, भाषा शिकावी, जरूर शिकावी, गुजराती शिकावी, हिंदी शिकावी, गेला बाजार स्टेशनमास्तरशी बोलण्यापुरतं इंग्रजी शिकावं, पण सबंध बोइसर-पालघरात जी बोलायला समोर एक माणूस मिळत नाही, अशी भाषा शिकावीच कशाला? आमच्या झुंबरला विचारा. म्हणजे नकाच विचारू, तो उत्तर चिनीत देईल.

तुम्हाला सांगतो, झुंबर बेटेगावचा. मूळ नगरकडचा, पण बाप रेल्वेत गँगमन, बोइसर ते उमरोळी रूळ तपासत चालणारा, म्हणून पोरगं इथेच वाढलं. गळा असा की भजनात हा नसला तर लोक अर्ध्यात उठून जायचे. गेला फौजेत, आणि बासष्टची ती लढाई झाल्यावर एक दिवस साहेबाने पलटणीला विचारलं, "गला किसका अच्छा है?" झुंबरला वाटलं, बँडमध्ये घेतायत. बँड म्हणजे चकचकीत बटणं, खंदक खणायला नको... केला हात वर! दुसऱ्या दिवशी नेऊन बसवला चिनी भाषेच्या वर्गात.

आता गळ्याचा आणि चिनीचा संबंध काय? तर आहे म्हणे. त्या भाषेत 'मा' सरळ सुरात म्हटलं तर आई, आणि तेच खाली बुडवून वर काढलं तर घोडा. मास्तर म्हातारे बंगाली, तरुणपणी चीनमध्ये राहून आलेले, ते डोळे मिटून म्हणायचे "मा", आणि मागून सगळा वर्ग म्हशींसारखा रेकायचा. झुंबरने युक्ती काढली. सरळ सूर म्हणजे भजनातली पेटी. चढता सूर म्हणजे शेजारची गोदूबाई दार न उघडता विचारते तो, "कोऽण?" बुडून वर येणारा म्हणजे बापाला संशय आला की निघतो तो, "अऽस्सं?" आणि पडता सूर म्हणजे आई ओट्यावरून कुत्रं हाकलते तो. अख्खं बेटेगाव घालून चिनी पाठ केलं गड्याने. पण मी म्हणतो, शिकावीच कशाला?

तर सिक्कीमच्या एका खिंडीत उभं राहून भोंग्यातून बोलायला. इकडे आपण, तिकडे ते, मधे दगड भिरकावला तर पोचेल एवढी जागा. रोज सकाळी आपण त्यांना चिनीत सांगायचं की बाबांनो, घरी जा, आणि त्यांनी आपल्याला हिंदीत सांगायचं की बाबांनो, तुम्हीच जा. सरकारी मजकूर, वाचायचा आणि बसायचं. पण पलीकडचा जो वाचणारा होता ना, कोवळ्या आवाजाचा, त्याची हिंदी म्हणजे... "हिंदी भाई, घर जाओ, तुम्हारा औरत रोता है." रोज तेच. औरत रोता है. झुंबर, जो स्वतः जन्मभर 'चाय अच्छा है' म्हणत आलेला, त्याला सहन होईना. एक दिवस आपला मजकूर संपवला आणि भोंग्यातूनच सांगितलं, "रोता नहीं. रोती. औरत है वो."

 दोन्हीकडच्या फौजा माना वळवून भोंग्याकडे बघायला लागल्या. मग पलीकडून हळूच आवाज आला, "रोती है?" झुंबर म्हणाला, "हां, रोती है." आणि पलीकडून, "ठीक. तुम भी सुनो. तुम रोज बोलता है, तुम्हारा घोड़ा घर में राह देखता है. घोड़ा नहीं. माँ. माँ."

म्हणजे बघा, बापाचा सूर आईला लावून हा माणूस इतके दिवस चिन्यांना सांगत होता की तुमचा घोडा घरी वाट बघतोय.

मग काय, शाळाच भरली की! सरकारी मजकूर झाला की एक चूक यांची, एक चूक त्यांची. दोघांनी एकमेकांचं तोंडही नीट पाहिलं नाही, पण भाषा सुधारत गेली. साहेबाच्या कानावर गेलंच. "दुश्मन की हिंदी सुधारते हो?" झुंबर म्हणाला, "साब, सुनना तो रोज हमको ही पड़ता है." भोंगा काढून घेतला, पाठवला लाकडं फोडायला. आणि दुसऱ्या सकाळी पलीकडून मजकुराच्या मधेच, "वो आदमी किधर है? बीमार है?" झुंबर कुऱ्हाड घेऊन उभा. उत्तर द्यायची मनाई.

मग सदुसष्टच्या सप्टेंबरात तोफाच बोलल्या. आपली माणसं गेली, त्यांची गेली. धूर निवल्यावर भोंगे पुन्हा सुरू झाले, आणि पलीकडून दुसऱ्याच आवाजात आली ती हिंदी अशी शुद्ध, अशी बिनचूक, की जवान म्हणाले, वा, रेडिओच लावलाय. झुंबर त्या दिवशी जेवला नाही.

पुढच्या वर्षी फौजेतून सुटून घरी आला. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, तिथे फाटकावर पहारेकरी लागला. मुकादम महादूला वाटलं, फॉरेनची भाषा म्हणजे एकच असणार, त्याने याला एका अमेरिकन साहेबापुढे उभा केला. याने अदबीने चिनीत विचारलं, "जेवलात का?" साहेब जो जीपमध्ये बसला तो काच वर करूनच. तेव्हापासून फाटकावर हा मुका.

संध्याकाळी मात्र ओट्यावर बसून एकटाच बोलतो. विसरायला नको म्हणून. शेजारचा जिवल्या वारली विडी ओढत ऐकतो. त्याला नवल नाही. "किनाऱ्यावरचं लोक बोलतान तवा तरी मला काय कलतं, झुंबरदा? बोल तू." मी एकदा विचारलं, "झुंबर, ती 'मा' जमते का रे आता?" तर म्हणतो, "काय सांगू... इथे आल्यापासून माझी एकही चूक निघालेली नाही."