विहीणबाईंचं डोकं धुताना

...नाही, नाही, उठू नका विहीणबाई, बसा. एवढा फेस डोक्यावर घेऊन रस्त्यावर कुठे जाणार? रागावले नाही मी. कोर्टातली केस मागे घ्या म्हणालात, मी ऐकलं — बरं. आता तुमचं बोलून झालं, माझं ऐका. आणि बघा, अजून विहीणबाईच येतं तोंडात! कागदावर आपल्या पोरांचा काडीमोड झाला, पण माझ्या जिभेला कोण सांगणार? इतकी वर्षं याच खुर्चीत बसताय तुम्ही — त्यांचं जमलंच मुळी इथे, नाही का? तुमचा यू-छंग तुम्हाला न्यायला स्कूटर घेऊन यायचा, आणि माझी पेइ-शान बालवाडीतून शिकवून आलेली, इथे टॉवेलांच्या घड्या घालत बसलेली. लाजरा होता तेव्हा. दाराबाहेरच घुटमळायचा. आत ये रे, पंख्याखाली बस, असं म्हणायचं कुणी? मीच म्हणायचे. जाऊ दे. आणि ही पपनसं कशाला आणलीत एवढी? सण आला म्हणून? सोलणारी नाही ना आता घरात. मी एकटी किती खाणार?

पाणी टाकते थोडं, मान सरळ ठेवा. हं — तर केस. तुम्हाला वाटतं, पेइ-शानने एक सही केली की संपलं. तसं नाहीये ते. कोर्टाने त्याला बजावलं होतं ना — संरक्षण आदेश म्हणतात त्याला — की तिच्याजवळ फिरकायचं नाही, फोन नाही, निरोप नाही, कुठल्याही वाटेने छळायचं नाही. तो आदेश त्याने मोडला. म्हणजे आता हे नवराबायकोचं भांडण राहिलंच नाही, सरकारचं झालं. पोरगी पाया पडली तरी थांबायचं नाही ते. आणि थांबवता आलं असतं, तरी — नाही, विहीणबाई. तोंडावर सांगते. नाही.

‘हात तर नाही ना लावला त्याने’ — हेच म्हणणार होतात ना? ‘मोबाईलवर चार ओळी लिहिल्या फक्त.’ सगळे हेच म्हणतात. सुरुवातीला मीही म्हणाले होते, बघू नकोस गं, बंद कर तो मोबाईल. ती म्हणाली, आई, मी बंद केला तर गावाचा बंद होणार आहे का? खरंच की. आपल्या गावच्या ग्रुपवर तो तिचा जुना फोटो टाकायचा, नाव नाही, काही नाही — वर काय लिहायचा? ‘मी तिला माफ केलं. ती कुणाकुणासोबत गेली ते विचारू नका.’ खाली लोकांची ही रांग, बिचारा, किती मोठ्या मनाचा! मग तिच्याच नावाने एक खोटं अकाउंट निघालं. तिचाच चेहरा, आणि खाली लिहिलेलं — नाही सांगत, तुम्हाला नाही सांगवत मला. बालवाडीतल्या पोरांच्या बापांना जायचे ते मेसेज. बाई बोलावतायत म्हणून. एक बाप खरंच आला हो, दात काढत, फाटकापाशी. त्या दिवशी तिने नोकरी सोडली. मुख्याध्यापिका भली बाई, राहा म्हणाली, पण ही म्हणते, पोरं माझ्या मांडीवर बसतात आणि त्यांच्या आयांच्या नजरा मला खातात.

पण ते सगळं एकीकडे. मला मारलं ते त्या आवाजाने. तुम्हाला ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतेय. नाही? मान हलवू नका, साबण जाईल डोळ्यात. त्या खुर्चीत, त्या पलीकडच्या, औषधवाल्याची बायको बसली होती. मी तिला केस कुरळे करायच्या गुंडाळ्या लावत होते. ती मोबाईल बघत बसलेली, आणि त्यातून कुणीतरी रडतंय — ‘दार उघड, मी नाही परत असं करणार, दार उघड ना’ — आणि खाली कसलंतरी नाचाचं गाणं लावलेलं. ती बाई हसली. वाईट नाही हो ती, तिला काय ठाऊक, गंमत म्हणून कुणीतरी पाठवलेलं. मला विचारते, ऐकलंत का, सध्या सगळे हेच पाठवतायत. ऐकलं ना! पोटच्या पोरीचं रडणं ओळखायला काय लागतं? लग्न टिकलेलं असताना त्याने तिला पोटमाळ्यावर कोंडलं असणार आणि बाहेर उभं राहून आवाज भरून घेतला असणार. आणि जपून ठेवला! मी काय केलं? गुंडाळ्या लावल्या. सगळ्या लावल्या, जाळी बांधली, चहा दिला, आणि मागे जाऊन तोंडात टॉवेल कोंबून बसले. पुढे शाळेची पोरं दुकानावरून जाताना तसं ओरडायची — दार उघड, दार उघड. पेइ-शान तेव्हा आतच असायची, भिंतीकडे तोंड करून. एक दिवस येऊन याच खुर्चीत बसली आणि म्हणाली, आई, सगळे काप. एवढे लांब केस तिचे. मी कापले. आरशात बघून म्हणाली, आता फोटोतली मी नाही ना दिसत?

आता जरा बरी आहे. खरंच बरी आहे. परवा फोनवर हसली चक्क! म्हणते, आई, पहाटे बोटी लागतात, खलाशी थेट धक्क्यावरून बेकरीत येतात गरम पाव मागायला, मागोंगचा वारा एवढा की पिठाची पिशवी उघडली तर —

थांबा.

मी काय बोलले? — काही नाही बोलले. तुम्ही काही ऐकलं नाहीत. ऐकलंत? विहीणबाई, बघा माझ्याकडे. आरशात नको, इकडे. त्या गावाचं नाव तुमच्या कानात शिरलंच नाही, असं म्हणा. शपथ घ्या. समुद्रदेवीची घ्या, तुम्ही मानता तिला. — घ्या ना! घरी गेल्यावर तो विचारणारच, त्यानेच पाठवलंय ना तुम्हाला? मग म्हणा, ती बाई बडबडली, रडली, पत्त्याचं काही बोलली नाही. एवढं एकच खोटं बोला. चला, या बेसिनपाशी. मान खाली. धुऊन टाकते.

पाणी गरम नाही ना? — का ओढलंत डोकं? दुखलं? कुठे, इथे? थांबा, फेस जाऊ दे. कानामागे... हे काय आहे? केवढं टेंगूळ हे. कातडी फाटलीय. आणि हे जुनं, इथे केस उगवलेच नाहीत. न्हाणीत पडलात? कानाच्या मागच्या बाजूने कसं कुणी पडतं हो? पेइ-शानही न्हाणीतच पडायची. आणि आपण दोघी ते खरं मानायचो.

म्हणून दोन महिने आला नाहीत होय. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. ती घरातून गेली, आणि तुम्ही राहिलात त्याच्या हाताशी.

रडू नका. टॉवेल घ्या. माझं ऐका, तुम्हालाही मिळतो तो आदेश, आईलाही मिळतो. मी येते तुमच्याबरोबर पोलिसात, असेच ओले केस घेऊन जाऊ, चला. — नाही? ‘माझाच मुलगा आहे.’ हो. तुमचाच आहे.

बसा, वारा लागेल डोक्याला, सुकवते. मी हळूच करते, नाही लावत हात तिथे.

झालं. नीट दिसताय. टेंगूळ झाकलंय केसांनी. शपथ राहू दे. ती घेऊन तुम्ही घरी जाणार, तो विचारणार, तुम्ही गप्प बसणार, आणि मग — नको. त्याने विचारलं की पहिल्याच फटक्याला सांगून टाका. मागोंग म्हणा, बेकरी म्हणा, सगळं सांगा. तोवर मी तिला फोन करते. निघेल ती तिथून. सामान फारसं नाहीच तिच्याकडे.

सावकाश जा, पायरी ओली आहे. आणि विहीणबाई — परत येऊ नका इथे. माझं तोंड मला आवरत नाही. जा. मला फोन करायचाय.