रिपोर्ट उताऱ्यात नाही

वडील गेल्यावर उरलेली औषधं परत करायला उर्मिला हॉस्पिटलातल्या मेडिकलसमोर बसली होती. शेजारी एक बाप उत्तरसूची धरून लेकीकडून इंग्रजीच्या परीक्षेचा उतारा सोडवून घेत होता.

“आठवा प्रश्न?”

“ब.”

“चुकलं. क. आतापर्यंत चार चुकली गो, मनाली.”

“दमलेय, बाबा.”

“अलोऱ्याहून आयर्लंडात नर्स व्हायला जायचं, तर दमून कसं चालेल?”

“उतारा कठीण आहे.”

“काल हाच उतारा अख्खा बरोबर सोडवलास. मीच तपासला. मुद्दाम नापास व्हायचंय?”

“काल तुमचा रिपोर्ट आला नव्हता.”

बापानं उत्तरसूचीवर पुढच्या प्रश्नाशी बोट ठेवलं.

“उताऱ्यात असेल तेवढंच धरायचं, हे तूच शिकवलंस ना मला? रिपोर्ट उताऱ्यात नाही. नववा वाच.”

खिडकीतून उर्मिलाला हाक आली. नवव्याचं उत्तर ऐकल्याशिवाय तिला उठवेना.