पत्रकावरचे आठ डोळे

मुलगी : ते जाऊ द्या हो, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. हा कोळी माणसाच्या डोळ्यांत थुंकून त्याला आंधळा करतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं, बाबा?

बाबा : अगं, दप्तर तरी खांद्यावरून उतरव. दारातच काय उलटतपासणी?

मुलगी : दप्तर राहू दे. शाळेतल्या माझ्या अख्ख्या टोळीनं पैज लावलीय, मी घरी हे विचारणारच नाही म्हणून. चष्मिश तर म्हणाली, बाबा समोर आले की हिची बोबडी वळेल. वळलीय का? नाही ना? मग सांगा.

बाबा : पण कुठला कोळी?

मुलगी : हा! तुमच्या पत्रकावरचा. शाळेच्या फाटकाशी आज ज्याच्या त्याच्या हातात हेच होतं. "सावधान! थुंकणारा विषारी कोळी तुमच्या घरात!" खाली पेस्ट कंट्रोल आणि तुमचा फोन नंबर. आणि मधोमध माझं चित्र!

बाबा : मग? छान छापून आलंय की. मी कौतुकानंच टाकलं.

मुलगी : मला न विचारता?

बाबा : आता घरच्या माणसाला अर्ज करायचा का?

मुलगी : आणि हे आठ डोळे कुठून उगवले? मी सहा काढले होते. या कोळ्याला सहाच असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या.

आई : दोन मी वाढवले.

मुलगी : आई, तूसुद्धा?

आई : ओरडू नकोस, मी इथंच आहे. हे म्हणाले, कोळ्याला आठ डोळे असतात, पोरगी दोन विसरली. मला वाटलं, लेकीची चूक लोकांपुढं जायला नको. लाल पेन हाताशीच होतं, दिले काढून.

मुलगी : विसरली? भिंगातून बघून बघून मान आखडली माझी! बाबा, रोज कोळी मारता आणि आजवर एकाचेही डोळे धड बघितले नाहीत?

बाबा : मी फवारणी करतो, बाळा. चष्म्याचं दुकान नाही माझं.

मुलगी : हसवू नका! मी चिडलेय.

बाबा : बरं, चीड. पण थुंकतो ना तो? तूच सांगितलंस. जेवताना, हातवारे करकरून. माझ्या ताटात पेला उपडा केलास.

मुलगी : थुंकतो, पण किड्यांवर! तेही जेमतेम दोन सेंटिमीटर. म्हणजे बोटाचं एक पेर. आणि तुम्ही छापलंय, "दोन हातांवरून हल्ला."

बाबा : छापखान्यात काहीतरी गडबड झाली असेल.

मुलगी : वा! छापखान्यात सेंटिमीटरला हात फुटले?

आई : अगं, पण जाळं सोडून थुंकतो कशाला हा मेला?

मुलगी : कारण शिकारीसाठी तो जाळं विणतच नाही, आई. चालतो असा, की वाटावं आत्ताच दुखण्यातून उठलाय. नजर अधू. रात्रीचा बाहेर पडतो, पुढचा लांब पाय हळूच पुढं करतो आणि किडा किती लांब आहे ते चाचपतो. आणि मग, फट्! दोन्ही सुळ्यांतून चिकट धागे, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, नागमोडी. तुझी पापणी लवायच्या आत किडा जमिनीला टाचलेला! मग स्वारी सावकाश जाते, चावते, ओढून सोडवते आणि आतला रस पीत बसते. त्याचं डोकं एवढं फुगीर का, सांग? त्यात डिंकाचा कारखाना आहे.

आई : डोक्यात डिंक? असली माणसंही बघितलीत मी.

बाबा : माझ्याकडे बघून बोलू नकोस.

मुलगी : बाबा, आता दुसरा प्रश्न. हा पैजेतला नाही, माझा आहे. काल शाळेत नकाशांच्या खोलीत कुणी फवारलं?

बाबा : मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं, गेलो. काम आहे माझं.

मुलगी : त्यांनी बोलावलं, की तुम्ही जाऊन घाबरवलंत? आज बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून पाठ थोपटली. "तू वडिलांना सांगितलंस म्हणून कळलं, केवढा धोका टळला!" टोळी दाराबाहेर उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. त्यांना वाटतंय, बाबांना काम मिळावं म्हणून मीच चुगली केली. मी नाही म्हटलं, तर खोटारडी म्हणाले.

आई : एका कोळ्यावरून एवढा अबोला?

मुलगी : ती मादी होती, आई. अंड्यांचा गोळा तोंडात धरून फिरायची. अंडी तोंडात असली की थुंकता येत नाही, आधी ती खाली ठेवावी लागतात. ती ठेवायचीच नाही. नाकासमोरून किडा गेला तरी तशीच बसून. आम्ही पाळ्या लावून बघत होतो, पिल्लं बाहेर येणार म्हणून. आज नकाशामागं सापडली. पाय पोटाशी आवळलेले. गोळा तोंडातच.

आई : अहो, अंडी होती हे तुम्हाला माहीत होतं?

बाबा : हिनंच सांगितलं होतं.

आई : म्हणजे माहीत होतं.

बाबा : होतं! आता दोघी मिळून फासावर चढवा मला. अगं, मुंग्यांसाठी आता कोणी फोन करतं का? दुकानातून डबी आणतात, आपणच फुसफुस करतात. पाठीवर पंप घेऊन जिने मी चढतो. मास्कमध्ये जीव माझा गुदमरतो. माणूस घाबरला नाही, तर मला बोलावणार कशाला? आणि बाईसाहेब, तुमचं ते भिंगसुद्धा त्याच पंपातून आलंय.

मुलगी : मग हे घ्या तुमचं भिंग!

(भिंग टेबलावर आपटल्याचा आवाज.)

बाबा : तडा गेला का बघ.

मुलगी : नाही गेला.

बाबा : मी तुला चुगलखोर ठरवायला नव्हतो गेलो.

मुलगी : पण ठरले ना! मी किती खुशीत सांगत होते तुम्हाला. मला वाटलं, बाबांना आवडतंय. तुम्ही ऐकत होतात ते गिऱ्हाईक शोधायला.

बाबा : आवडतही होतं. तू असं काही बोलायला लागलीस की हातातला घास हातातच राहतो माझा. दोन्ही होतं. काय करू?

आई : काय करू म्हणे! उद्याचं सांगा की तिला. का तेही मीच सांगू?

मुलगी : उद्या काय आहे?

बाबा : एका मोठ्या इमारतीच्या रहिवाशांची सभा आहे. सगळ्या मजल्यांचं काम निघेल. तू दोन शब्द बोलशील, असं कळवून टाकलंय मी. शाळेतल्या मुलीनं सांगितलं की लोकांना पटतं.

मुलगी : मी? या पत्रकाच्या बाजूनं?

बाबा : बाजूनं म्हणजे... थुंकतो एवढं सांग. पुढचं मी बघतो.

मुलगी : पुढचं म्हणजे खोटं!

बाबा : आवाज खाली! अगं, तिथं उभी राहून कोळी निरुपद्रवी आहे म्हणालीस, तर लोक मला तोंडावर खोटारडा म्हणतील. हे काम तर जाईलच, पुढं कुणी दारात उभं करणार नाही. तुला कळतंय का?

मुलगी : कळतंय. आज शाळेत मला तेच म्हणाले सगळे. मला तर खोटं न बोलताच ऐकावं लागलं.

आई : अहो, ती जाणार नाही म्हणून कळवा. वाद मिटला.

मुलगी : नाही, आई. कळवू नका. मी जाणार आहे. ठरलंय माझं, आता दोघंही ऐका. मी तिथं उभी राहून सांगणार की चित्र माझं आहे आणि त्याभोवती लिहिलेलं खोटं आहे. ढेकूण, झुरळं झाली तर माझ्या बाबांनाच बोलवा, त्यांच्यासारखं काम कुणी करत नाही, हेही सांगणार. तेही खरंच आहे. बाबा, तुम्ही आलात तर माझी ओळख तुम्हीच करून द्या. नाही आलात, तर मी कुणाची मुलगी आहे, ते मीच सांगेन.