वर्षश्राद्धाचं रक्तदान

—नाही नाही, बसा ना मॅडम, ड्यूटी सुटली की येईलच माझा ईश्वर, पुरुषोत्तमनगरहून यायला किती वेळ लागतो? चहा टाकलाय. तोवर मला एवढं सांगा — बेचाळीस जणांनी रक्त दिलं आणि अकरा जणांच्या रक्तात तो लिव्हर खाणारा हिपॅटायटीस सी निघाला, बरोबर? आणि बाकी ठिकाणी? तुम्हीच म्हणालात, शंभर रक्तदात्यांत एखादा निघाला तरी पुष्कळ. मग आमच्या गावानेच काय घोडं मारलं होतं? बोला. नाही, तुम्ही कशाला बोलाल, रक्तपेढीवाल्यांना नावं सांगायला बंदी, माहीत आहे मला. अहो, पण एकेक करून ते याच ओट्यावर येऊन रडून गेले! रूपसिंग तर डोकं धरून बसला होता इथे. नावं नकोतच मला. मला शिक्क्याचा कागद पाहिजे — या गावात बेचाळिसात अकरा. तेवढा द्या, मग बघते मी त्या उमाकांत डॉक्टरकडे.

डॉक्टर म्हणे! डिग्री पाहिली का कोणी त्याची? तीस वर्षं दुकान चालवतोय. ताप आला — सुई. कापूस वेचून कंबर धरली — सुई. थकवा आला — लाल पाण्याची सुई. आणि आपली माणसं तरी काय, गोळी हातात ठेवली की तोंड वाकडं, "सुई नही दे, तो कसाना डॉक्टर?" मग काय, एकच सुई सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालायची, ह्याच्या दंडातून काढली की त्याच्या दंडात. पाण्यात बुडवली की झाली शुद्ध!

आमचे हे गेले ते पोट एवढं फुगून, शेवटी रक्ताची उलटी झाली. थेंब घेतला नाही हो त्या माणसाने जन्मात, लग्नात कोणी आग्रह केला तर पंगतीतून उठून यायचे. आणि हा उमाकांत स्मशानात चारचौघांत काय म्हणाला असेल? "दारू पिसन मरी गया, दुसरं काय!" माझा भाऊ तिथे उभा होता, त्याने येऊन सांगितलं. तेव्हापासून ईश्वरला मुलगी द्यायची वेळ आली की लोक म्हणतात, दारुड्याचं घर. सुरतच्या मोठ्या डॉक्टरने मला आधीच सांगितलं होतं, बाई, ही दारू नाही, लिव्हर गेलंय, ही कोणाच्या तरी घाणेरड्या सुईची कमाई आहे. तेव्हाच ठरवलं मी — थांब लेका.

वर्षश्राद्ध आलं, भाऊबंद म्हणाले पंगत घाला. मी म्हटलं पंगत नको, रक्तदान ठेवा. वा वा रंजनाबाई! गाव माझ्या पाया पडायचं बाकी होतं. माझ्या पोटात काय शिजतंय ते कोणाला कळणार? रक्त दिलं की ते तपासतात, फुकट आणि पक्कं. आणि फीत कापायला कोण बोलावला? तोच! शाल मी दिली, नारळ मी दिला, हार मी घातला मॅडम, हसून फोटो काढला त्याच्या शेजारी. तोच लोकांना हाका मारत होता, द्या रे द्या, पुण्य शे! स्वतः रक्त द्यायच्या वेळी मात्र बीपी निघाला मेल्याला. त्याला वाटलं, बाईने माफ केलं. माफ? बाजाराच्या दिवशी त्याचं दुकान मी भर गर्दीत बंद करणार, सगळ्यांसमोर त्याच्याकडून वदवून घेणार की माझा नवरा दारुडा नव्हता. मग हातात बेड्या. तोपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.

फक्त ईश्वरचं... त्याच्याही रक्तात निघेल असं वाटलंच नव्हतं हो. बापाचं वर्षश्राद्ध, पोराने रक्त द्यायलाच पाहिजे, म्हणून मीच बसवला. तीन महिने गोळ्या घेतल्या की बरा होतो ना? नक्की ना?

काय, ईश्वरचा फॉर्म भरायचाय? विचारा, मी सांगते. गोंदण? नाही. रक्त कधी चढवलं नाही. दाढी घरीच करतो. सुया? — लिहा, उमाकांत डॉक्टर, मोठ्या अक्षरात लिहा! काय? सुई दिवसभर चालायची हे मला कसं माहीत? अहो, मी होते ना तिथे नऊ वर्षं. झाडलोट, पाणी उकळणं — उकळणं म्हणजे कोमट व्हायचं, स्टोव्हला रॉकेल कुठे पुरायचं? डॉक्टर बाहेरगावी गेला की टोचायची पण मीच. हात हलका माझा, बाया म्हणायच्या, रंजना, तूच टोच. पण सांगणारा तो! मी आपली हुकमाची ताबेदार. ते नका लिहू.

ईश्वरला तिथे नेलं होतं का? नाही, तो त्या दवाखान्याची पायरी कधी चढला नाही. डॉक्टर दिसला की किंचाळायचा, एवढा भ्यायचा. मग मीच... ताप चढला की घरी येताना दवाखान्यातली सुई पदरात गुंडाळून आणायची. मांडीवर घ्यायची, पटकन टोचायची, कळायचंही नाही त्याला. ह्यांची पाठ धरली की ह्यांनाही. दवाखान्यात कुठे जायचे ते? म्हणायचे, घरात तू असताना मी कशाला...

तीच सुई, हो. दुसरी कुठली आणणार मी?

असं काय बघता? लिहिणं थांबवा. थांबवा म्हणते ना! गाडी वाजली, ईश्वर आला वाटतं. सुई कोणी टोचली ते त्याला विचारायचं नाही, सांगून ठेवते. गोळ्या कधीपासून एवढंच सांगा आणि जा. चहा राहू द्या. उठा मॅडम, उठा.