सूर्य फुटायच्या आधीची रांग

नाही, पण मला सांगा, सूर्य फुटतोय म्हटल्यावर माणूस काय करतो? पळतो! बरोबर? कुणीही पळेल! पण माझ्या टेबलाभोवतीची ही तीन माणसं... तुम्हाला सांगतो, दोन वर्षं मी हा खेळ चालवतोय, इथे पोलंडात, लुब्लिनमध्ये, माझ्याच स्वयंपाकघरात, दर शनिवारी दुपारी. कागद, पेन्सिली, फासे. अंतराळात काय घडतंय ते मी सांगायचं, आपण काय करणार ते यांनी सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. विनोदी खेळ आहे हो, हसायला म्हणून सुरू केला! आता माझे केस बघा!

त्या शनिवारी मला गोष्ट संपवायची होती. संपवायचीच होती, कारण आमची बोगना, म्हणजे यानाची कॅप्टन, सोमवारी कायमची नॉर्वेला चालली होती, नोकरीसाठी. म्हटलं, पोरीच्या हातून एकदा सूर्य वाचवून घेऊ, टाळ्या वाजवू, मग जा म्हणावं सुखानं. चाळीस पानं लिहिली होती शेवटाची! चाळीस! आणि घोडचूक काय केली? गंमत म्हणून यानतळावर उड्डाणाच्या परवान्याची एक खिडकी टाकली, आणि खिडकीपुढे रांग. दोन मिनिटांचा विनोद! ढकलाढकली करतील, घुसतील, निघतील...

"यादी कोणाकडे आहे?" लुडविकाबाई.

झालं! निवृत्त भूगोल शिक्षिका, तरुणपणी, कम्युनिस्टांच्या राज्यात दुकानं रिकामी असायची तेव्हा, एका सोफ्यासाठी अकरा दिवस रांगेत काढलेली बाई. "यादीच नाही? काय कारभार हा! द्या, मी धरते. दिवसातून दोनदा हजेरी, गैरहजर त्याचं नाव खोडणार!" आणि घेतली की हो वही, माझीच! पहिलं नाव आमच्या कॅप्टनचं! "त्रेसष्ट नंबर! तीन तोंडांचे गृहस्थ! हजर? एका तोंडानं बोला, गलका नको!" आता हे त्रेसष्ट नंबरचे गृहस्थ कोण? मीच! सगळे परग्रहवासी मीच! दीड तास मी माझ्याच हजेरीला ओ देतोय... आणि तिकडे सूर्य फुटतोय!

झेमोविट, खऱ्या आयुष्यात दातांचा डॉक्टर, खेळात आमचा मेकॅनिक. म्हटलं, हा तरी इंजिन सुरू करेल. कुठलं काय! "काझिक, पाळ्या लावू या का रे? मी जागा धरतो, तुम्ही पाय मोकळे करून या."

मग मी सम्राट काढला. दोन वर्षं राखून ठेवलेला! आवाज खोल केला, "क्षुद्र जीवांनो! मी ग्रुम्बुलोन, तुमचा काळ!" लुडविकाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काळ असाल तुमच्या घरी. नाव आहे यादीत? नाही? मग मागे." फासा टाकला. एक पडला! सात ताऱ्यांचा धनी चारशे बारावा नंबर घेऊन शेपटाला गेला, आणि पुढच्या बाईची पिशवी धरून उभा राहिला! आणि तिकडे सूर्य फुटतोय!

साडेपाच वाजले. मी मेटाकुटीला आलो. "खिडकी उघडली!" ओरडलोच. "नंबर एक! कॅप्टन, या! शिक्का घ्या, उडा, वाचवा!"

बोगना उठली. खिडकीकडे पाठ केली आणि मागच्याला म्हणाली, "तुम्ही व्हा ना पुढे, तुमच्याकडे लेकरू आहे." मग त्याच्या मागच्याला, "तुम्हीही व्हा. पाय दुखत असतील तुमचे. सहाच्या सहा."

"अगं बये, नंबर तुझा आहे!"

"हो रे काझिक... पण माझा नंबर लागला की संपलंच ना सगळं?"

लुडविकाबाई वहीत उगाच रेघा मारत बसल्या. झेमोविट खिडकीबाहेर बघत होता, बाहेर काही नव्हतं. आणि मी... मला रडू आलं हो, सरळ सांगतो. शेवट हवाय, शेवट हवाय म्हणून मीच नाचत होतो. कुणाला हवा होता शेवट?

मग काय करणार? खिडकी लावली आणि पाटी टांगली, 'कर्मचारी जेवायला गेले आहेत.' अर्धं वर्ष झालं, जेवतायत. बोगना दर शनिवारी नॉर्वेहून फोन करते, हजेरीपुरती. माझ्या चाळीस पानांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर बाईंची यादी चाललीय. आणि सूर्य? सूर्यालाही बाईंनी सांगितलंय, "फुटायचंय ना? फुटा की. पण नंबर आल्यावर." चारशे तेरावा आहे तो. उभा आहे बिचारा, सम्राटाच्या मागे.