चाळीस वर्षं न सापडलेलं मत

म्हाताऱ्या माणसाकडून बूथ एजंटची खुर्ची मागून बघा, म्हणजे कळेल. कुंडलजवळच्या आमच्या गावात शेजारचे तात्या चाळीस वर्षं एकाच पक्षाचे एजंट आहेत. यंदा मी म्हणाले, "तात्या, आता मी बसते. पहिल्या निवडणुकीपासूनचा मतदारसंघाचा सगळा इतिहास माझ्या फोनमध्ये आहे."

"फोनात मतदारसंघ हाय. त्यात आपलं बूथ हाय का? मतदान संपलं की आपल्या उमेदवाराची मतं सांगतो. एकापेक्षा जास्त चुकलं, तर खुर्ची तुझी."

मतदान संपल्यावर ते म्हणाले, "चारशे बारा." मतमोजणीत चारशे अकरा निघाली. मी पैज हरले होते, पण राग यायच्या आधी अंगावर काटाच आला. तडक त्यांच्या घरी गेले. "कसं जमतं हे?"

"मत देऊन माणूस माझ्या समोरनं जातंय. ज्यानं आपल्याला दिलं न्हाई, त्यो नजर चुकवतोय. आमदार किती आलं न् गेलं, ह्यात फरक न्हाई. पण दर निवडणुकीला एक मत मला चकवतंय. कुणाचं, ते अजून घावलं न्हाई."

तात्यांच्या पत्नी, काकी, चहा घेऊन आल्या. राजकारणावर त्या कधी चकार शब्द बोलत नसत.

"माझं हाय ते," त्या म्हणाल्या. "आवं, मीबी तुमच्या समोरनंच जाते. चाळीस वर्षांत एकदा तरी माझ्याकडं बघितलंय का? द्या ती खुर्ची पोरीला."